मनाच्या दुखण्याला खाट कुठे?

गावात कोणाचा पाय मोडला तर काय करायचे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. जीप बोलवायची, तालुक्याला न्यायचे, तिथे भागले नाही तर जिल्ह्याच्या सिव्हिलला. विंचू चावला, बाळंतीण अडली, बैलाने मारले, प्रत्येकाची वाट ठरलेली आहे. पण एखाद्या घरातला कर्ता पोरगा चार रात्री झोपला नाही, विहिरीतून कोणी आपले नाव घेते म्हणू लागला, आईने वाढलेले ताट ‘यात विष आहे’ म्हणून भिरकावू लागला, की सगळे गाव गोंधळते. कोणी म्हणते बाहेरचे आहे, देवऋष्याला दाखवा. कोणी म्हणते लग्न लावून द्या, सुधरेल. आणि पारावरचा एखादा शहाणा सुचवतो, “येरवड्याला टाका.”

‘टाका’ हा शब्द नीट ऐका. पाय मोडलेल्याला आपण सिव्हिलला नेतो. डोके बिघडलेल्याला येरवड्याला टाकतो. या एका शब्दात आपल्याकडच्या मानसिक आरोग्यसेवेचा निम्मा इतिहास आला. जिथे टाकायचे ती जागा लांब असते, आणि टाकलेले परत आणायचे नसते.

आता हिशेबाकडे येऊ. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. चारही इंग्रजांच्या काळातली. सरकारी कागदावर वर्षानुवर्षे चालत आलेल्या मंजूर खाटा अशा : येरवड्यात २५४०, ठाण्यात १८५०, नागपुरात ९४०, रत्नागिरीत ३६५. बेरीज ५६९५. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. म्हणजे लाख माणसांमागे पाच खाटा. आणि या चार ठिकाणांत मराठवाड्यातले एकही गाव नाही, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. नांदेडच्या माणसाला येरवडा सुमारे साडेचारशे किलोमीटर. पेशंटबरोबर दोन धडधाकट माणसे लागतात. जाण्यायेण्याचे भाडे, त्यांची बुडालेली मजुरी, पुण्यात राहायचे कुठे हा घोर, आणि ऐन सोयाबीन काढणीत हे सगळे आले तर घरातले दुसरे कोणी हलूच शकत नाही. मग पेशंट कुठे राहतो? गोठ्यात. पायात साखळी घालून. अशी घरे तुमच्या पाहण्यात नसतील तर तुम्ही नशीबवान म्हणायचे.

साखळी घालणारे लोक दुष्ट असतात असे समजू नका. त्यातली बहुतेक थकलेली असतात. तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमवजा जागेत ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. बांधलेले होते, पळता आले नाही. त्यांना तिथे आणून सोडणारे त्यांचेच आईबाप, भाऊ होते. जवळपास खाट असती तर त्यातले किती जण तिकडे गेले असते?

मराठवाड्यासाठी जालन्याला ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झाले, ते महाविकास आघाडी सरकारच्या काळात, म्हणजे २०१९ ते २०२२ च्या दरम्यान. मंजुरीचे स्वागतच आहे. पण नुसत्या मंजुरीने आणि मोठ्या इमारतीने तुमचा प्रश्न सुटेल असे कोणी सांगितले तर मान डोलावण्याआधी थोडे थांबा. आठ जिल्ह्यांना ३६५ खाटा, म्हणजे एका जिल्ह्याच्या वाट्याला पंचेचाळीस. त्या भरायला किती दिवस लागतील? आणि भरल्यावर रिकाम्या कधी होतील?

भरलेली खाट रिकामी का होत नाही

जुन्या मनोरुग्णालयांची खरी अडचण इथे आहे. आजार आटोक्यात आला, डॉक्टरांनी घरी न्यायला हरकत नाही असे लिहून दिले, तरी न्यायला कोणी येत नाही. दिलेला पत्ता खोटा निघतो, किंवा भावाने जमीन आपल्या नावावर करून घेतलेली असते आणि हिस्सेदार परत यायला त्याला नको असतो. तलाठ्याच्या दप्तरात बसलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बरी झालेली एक स्त्री बारा वर्षे राहिली, तो विषय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. तेव्हा कोर्टाने राज्यभरच्या अशा वर्षानुवर्षे अडकलेल्या रुग्णांची विचारणा केली. एका बऱ्या झालेल्या माणसाने दहा वर्षे अडवलेली खाट म्हणजे एकेक महिन्याच्या उपचाराला आलेल्या शंभरावर माणसांची खाट. त्यात त्या माणसाचा दोष काडीचाही नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. खाटा वाढवायच्या तर त्या दोन ठिकाणी आधी वाढवा : जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये, आणि पेशंटच्या स्वतःच्या घरात. जालन्याची त्यानंतर. नाहीतर जालना हे दुसरे येरवडा होईल, फक्त एसटीचे भाडे कमी पडेल.

सिव्हिलमधली खाट ही काही नवी मागणी नव्हे. केंद्राचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, आणि त्यातला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने जे करून पाहिले त्यावर तो बेतला. या कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी १० खाटांच्या आंतररुग्ण विभागाची तरतूद आहे. सोबत मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका असे पथक. या पथकाने प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सेवा पोहोचवायची. म्हणजे कागदावर तुमच्या जिल्ह्यात दहा खाटा आहेत. त्या कुठे आहेत, हे एकदा सिव्हिलमध्ये जाऊन विचारा. काही ठिकाणी वॉर्ड चांगला चालतो. काही ठिकाणी त्या खाटांवर डेंग्यूचे पेशंट असतात, काही ठिकाणी डॉक्टरचे पद रिकामे असते. देशात लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही, पाऊणच्या आसपास प्रमाण धरतात, आणि त्यातले बहुतेक शहरात. ही तंगी खरी आहे. पण दहा खाटांना पाटी लावून परिचारिका नेमायला तज्ज्ञांची तंगी आड येत नाही.

दहा खाटांनी काय होते, असे म्हणाल. होते. तीव्र झटका आलेला पेशंट बहुधा काही आठवड्यांत सावरतो. सिव्हिलमध्ये आईला उशाशी बसता येते, भावाला दूध पोचवून दुपारपर्यंत रानात परत जाता येते. पेशंट घरच्यांच्या नजरेसमोर राहतो, म्हणून तो विसरला जात नाही. आणि सिव्हिलला सगळेच जातात, त्यामुळे ‘वेड्याच्या दवाखान्यात होता’ हा शिक्का बसत नाही. पोरीच्या सोयरिकीत ही गोष्ट किती मोलाची, ते तुम्हीच जाणता.

आणखी एक. दारूचे अट्टल व्यसन असलेला माणूस एकाएकी दारू सोडतो, देवाची शपथ म्हणून किंवा पैसे संपले म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो थरथरतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, माणसे ओळखत नाही. गावात याला बाधा म्हणतात. हा जिवावरचा प्रसंग असतो आणि त्याला ताबडतोब दवाखान्याची खाट लागते. तसेच ताप येऊन किंवा डोक्याला मार लागून कोणी बरळू लागला तर तोही आधी दवाखान्याचा पेशंट. याला अंगारा लावत बसाल तर माणूस हातचा जाईल.

कायदा तुमच्या बाजूने आहे

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. चावडीवर, ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलाच्या घरी त्याची माहिती असायला हवी. कलम १८ म्हणते, सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्या सेवेत दवाखान्यातल्या खाटेबरोबर घरी राहून होणारे पुनर्वसन आणि कुटुंबाला आधार हेही आले. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, मग त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, आणि बेघर, निराधार माणसाला सरकारी ठिकाणी उपचार फुकट. किमान सेवा जिल्ह्यात सरकारने दिली नसेल तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा, असेही त्यात आहे. हे कलम घेऊन किती जणांनी अर्ज केले असतील? मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही.

दाखल करायला कोर्टाचा हुकूम लागतो, हा समज अजून गावोगाव आहे. पेशंट स्वतः तयार असेल तर तो स्वतःच दाखल होतो. तो समजण्याच्या पलीकडे असेल तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, बहुधा घरचेच माणूस, अर्ज करतो. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा या क्षेत्रातला तज्ज्ञ अशी दोघे वेगवेगळी तपासणी करतात, आणि तीस दिवसांपर्यंत ठेवता येते. पुढे ठेवायचे तर निराळी प्रक्रिया आहे. पेशंट स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल तर कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, म्हणजे आपल्या आरोग्य केंद्रातलासुद्धा, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो आणि पुढे पाठवण्याची व्यवस्था करू शकतो. “आमच्याकडे नाही, पुण्याला न्या” एवढे बोलून कोणी वाटेला लावत असेल तर हे कलम दाखवा. साखळीने बांधणे कोणत्याही प्रकारे चालत नाही, ही तरतूदही याच कायद्यात आहे. आणि जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस भयंकर ताणाखाली होता असे मानायचे, त्याला गुन्हेगार म्हणून उभे करायचे नाही, असे कलम ११५ सांगते. विष घेतलेल्याला ‘पोलीस केस होईल’ म्हणून दवाखान्यात न्यायला उशीर करणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे. वाचलेल्या माणसाला घरी सोडण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा असा आग्रह धरा. पोटातले विष काढले तरी मनातले तिथेच असते.

घरची खाट

आता मूळ मुद्दा. घरी खाट म्हणजे पेशंट घरी पाठवून देणे आणि सरकारने हात झटकणे नव्हे. तसे तर आजही बहुतेक पेशंट घरीच आहेत. निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती (महाराष्ट्र त्यात नव्हता). त्यात निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचाराविना राहणारे ७० ते ९२ टक्के निघाले. हे सगळे घरच्याच खाटेवर होते. औषध नाही, विचारपूस नाही, नुसती खाट.

खाट दवाखान्याची म्हणायची तर तिच्यापाशी तीन गोष्टी लागतात : औषध, येणारे-जाणारे जाणते माणूस, आणि बिघडले तर लगेच हलवायची सोय. हे जमते का? जमते. डोंगर-दऱ्यांच्या साताऱ्यात, गोव्यात आणि तामिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या २८२ पेशंटवर एक अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काहींना नुसते दवाखान्याचे उपचार, तर १८७ जणांना त्याच्या जोडीला प्रशिक्षण दिलेला गावपातळीवरचा कार्यकर्ता वर्षभर घरी येऊन भेटणार. तो गोळ्या चुकतात का पाहणार, घरच्यांना समजावणार, कामाला लागायला मदत करणार. वर्षाअखेर घरभेटीवाल्यांची तब्येत आणि कामकाज दुसऱ्यांपेक्षा बरे निघाले. फार मोठा फरक नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पण ग्रामीण तामिळनाडूत, जिथे दुसरी सोय जवळपास नव्हती, तिथे फायदा सर्वांत जास्त दिसला. आपली खेडी त्याच जातीची.

उदासीच्या आजाराचे दुसरे उदाहरण जवळचे आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालला, गावातलेच कार्यकर्ते घरोघर जात. आधी उदासीच्या आजारातले शंभरात चारच जण कोणाकडे मदत मागत, नंतर ते प्रमाण सत्तावीस झाले. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत ही गोष्ट छोटी म्हणता येणार नाही. २०२२ या एका वर्षात शेतकरी आणि शेतमजूर मिळून देशात ११,२९० जणांनी जीवन संपवले, त्यातले ४,२४८ महाराष्ट्रातले, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. कर्ज, भाव, पाऊस ही कारणे जागेवर आहेतच आणि समुपदेशनाने सोयाबीनला भाव येत नाही. परंतु त्याच कर्जात दुसरा शेजारी तगतो आणि एकाला रात्र काढवत नाही, तिथे औषध आणि माणूस दोन्ही कामाला येतात. सरकारने २०१५ पासून मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला, तो याच विचाराने.

घरी औषध चालू असलेल्यांसाठी चार गोष्टी, कारण इथेच गाडी घसरते. गोळीने सुरुवातीला झोप येते, हात कापतात, अंग ताठते, तोंडाला लाळ येते. घरचे म्हणतात औषधानेच बिघडला, आणि बंद करतात. महिन्या-दोन महिन्यांनी आजार पुन्हा उलटतो आणि आधीपेक्षा जोरात. त्रास झाला तर डॉक्टरला सांगा, गोळी बदलता येते, जोडीला दुसरी देता येते. आपल्या मनाने बंद करू नका. गोळी थुंकून टाकणाऱ्याला पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने घ्यायचे इंजेक्शन मिळते. डॉक्टरने लिहून दिले की ते टोचायला परिचारिका पुरते, त्यासाठी पुणे गाठावे लागत नाही. लिथियमची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात फार सांभाळा. मे महिन्यात रानात घाम गाळून पाणी कमी पडले, किंवा हगवण-उलटी लागली, की रक्तात तिचे प्रमाण वाढून विषबाधा होते. पाणी भरपूर, मीठ एकदम तोडायचे नाही, रक्ताची तपासणी वेळेवर. आणि फवारणीचे औषध घरात असेल तर कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे.

एक गोष्ट मात्र सरळ बोलली पाहिजे. घरची खाट म्हणजे बाईच्या डोक्यावरची खाट. आई, बायको नाहीतर बहीण. रात्री जागायचे तिने, शिव्या खायच्या तिने, आणि सकाळी खुरपायलाही तिनेच जायचे. ‘घरोघरी उपचार’ हे भाषणात गोड वाटते. पण तिला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळणार नसेल, दोन-चार दिवस पेशंटला सिव्हिलमध्ये ठेवून तिला श्वास घ्यायची सोय नसेल, तर ही योजना तिच्या जिवावर चाललेली काटकसर आहे. आशाताईंचेही तेच. लसीकरण त्यांचे, बाळंतपण त्यांचे, सर्वेक्षण त्यांचे, आता मनाचे आजारही त्यांच्याच वहीत. कामामागे मोबदला ठरलेला नसेल तर घरभेट कागदावरच होईल, आणि दोष आम्ही आशाताईंना देणार नाही.

ग्रामपंचायतीच्या हातात मात्र काही आहे, ते सरपंचांनी नीट पाहावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही दिव्यांगत्वात धरला आहे. ४० टक्के किंवा जास्तीचा दाखला निघाला की इतर दिव्यांगांच्या सवलती आणि संजय गांधी निराधार योजनेचा मार्ग मोकळा होतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, हा शासनाचा आदेश आहे. तो पैसा दरवर्षी ठराविक नावांवर वाटला जातो, आणि गोठ्यात बांधलेल्याचे नाव यादीत नसते, कारण त्याचा दाखलाच कोणी काढलेला नाही. दाखल्यासाठी त्याला सिव्हिलला न्यायची गाडी याच पैशातून निघते का, ते ग्रामसेवकाने (आता नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे) गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारावे. तोंडी विचारले की उत्तर तोंडीच येते.

पोलीस पाटलांचेही काम आहे. शिवारात, एसटी स्टँडवर भटकणारा मनोरुग्ण दिसला तर पोलीस ठाण्याला कळवायचे. पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे असते, कोठडीत ठेवायचे नसते. घरात कोणाचे हाल होत असतील तर ठाणेदाराने ते मॅजिस्ट्रेटला कळवायचे. बाहेरून आलेला असा पेशंट गावाने जीपमध्ये घालून शेजारच्या तालुक्याच्या हद्दीत सोडून दिला, असे प्रकार आपण ऐकतो. तो कोणाच्या तरी घरून निघालेला असतो. रस्त्यावरच्या अशा माणसांना बरे करून घरी पोचवण्याचे काम डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था कर्जतहून करते. त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पत्ता सापडतो, भाषा जुळते, घरचेही बऱ्याचदा दार उघडतात.

येत्या ग्रामसभेला वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा आणि विचारा : आपल्या केंद्रात मानसिक आजाराच्या कोणत्या गोळ्या आहेत, गेल्या तीन महिन्यांत कोणत्या संपल्या होत्या, जिल्ह्याचे पथक कोणत्या तारखेला येते, सिव्हिलमधल्या दहा खाटांपैकी आज किती चालू आहेत. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. तोवर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर दवाखान्याच्या भिंतीवर रंगवून घ्या. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, रात्रंदिवस, फुकट, आणि मराठीत बोलता येते. पेशंटनेच फोन करावा असे काही नाही. रात्री दोन वाजता उंबऱ्यावर जागत बसलेल्या आईलाही करता येतो.